चार भाषांच्या मधोमध: बेळगाव सीमाभागातून संवादाच्या व्यवसायात उतरताना

सकाळी नऊच्या सुमाराला बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीपाशी अर्धा तास उभं राहून बघा. चंदगडाहून आलेली आजी मराठीत सांगते, गोकाककडचे काका कन्नडमध्ये, घरी उर्दू बोलणारी बाई आपल्या दखनीत. खिडकीतली मुलगी ते सगळं इंग्रजीत संगणकावर भरते. या गर्दीत कुणीतरी मधे पडून इकडचं तिकडे सांगत असतो. बहुतेक वेळा तो नोकरीवरचा माणूस नसतो. मामीला घेऊन आलेला बी.कॉम.चा पोरगा असतो, आणि मामीबरोबर आणखी चौघांचं काम करून जातो. घरी गेल्यावर मात्र तोच म्हणतो, "मला काय येतंय? नोकरीसाठी पुण्यालाच जायला पाहिजे की."

हा लेख त्या पोरासाठी आहे आणि त्याच्या बहिणीसाठी. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले आणि गेली चौदा वर्षं याच कामावर घर चालवते. प्रसिद्धिपत्रकं, भाषांतर, रुग्णांसाठीची माहितीपत्रकं, कारखान्यातल्या सुरक्षिततेच्या सूचना, अधूनमधून सूत्रसंचालन. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या मुलांनी कन्नड मनापासून शिकली, मराठी कसून लिहिली आणि हातातल्या मजकुराची जबाबदारी घ्यायची सवय लावली, तर इथे असं काम आहे जे बाहेरच्या माणसाला जमणारच नाही. ते कसं मिळवायचं, हे क्रमाने सांगते.

काम नेमकं कुठे आहे

संवादाचं क्षेत्र म्हटलं की डोळ्यांसमोर टीव्हीवरचा निवेदक येतो. त्यापलीकडे बघा. बेळगावात मराठी पत्रकारितेची जुनी परंपरा आहे. बाबूराव ठाकूरांनी 'तरुण भारत' इथे १९१९ साली सुरू केलं, आणि कोल्हापूरच्या दैनिकांनाही या भागातल्या बातम्या लागतात. तिथे वार्ताहर आणि उपसंपादक लागतात. गावच्या वार्ताहराला मिळणाऱ्या मानधनात घर चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण दोन वर्षं ते केलं तर त्याच्याइतकी चांगली शाळा नाही.

बाकीचं काम डोळ्यांना दिसत नाही म्हणून मुलं त्याचा विचार करत नाहीत. दवाखाने, महाविद्यालयं, सहकारी बँका आणि पतसंस्था यांना पत्रकं, वार्षिक अहवाल, सभेच्या नोटिसा लागतात. उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत भट्टीजवळ काम करणारा माणूस कधी बिहारचा, कधी बैलहोंगलचा, कधी येळ्ळूरचा असतो. त्याच्यासाठी सूचनेचा फलक तीन भाषांत लिहावा लागतो आणि तो चुकला तर हात भाजतो. जमिनीचे उतारे, करारपत्रं, शाळेचे दाखले सीमेच्या अलीकडून पलीकडे न्यायचे म्हटलं की भाषांतर आलंच. शिवाय बेंगळुरू-पुण्याच्या कंपन्या मराठी आणि कन्नड मजकूर घरबसल्या लिहून घेतात.

पहिला महिना फक्त बघण्यात घालवा. एक पत्रकार, एक भाषांतर करणारा आणि एखाद्या संस्थेचं जनसंपर्काचं काम बघणारी व्यक्ती, असे तिघे गाठा. प्रत्येकाला एकच विचारा: "काल दिवसभरात तुम्ही काय काय लिहिलंत?" उत्तर वहीत उतरवून घ्या. कुठल्या दिवसासारखा दिवस आपल्याला जगायचा आहे, हे त्यातून कळतं.

कन्नड: अढी बाजूला ठेवून

हा भाग मी लांबवणार आहे, कारण आपल्याकडची हुशार मुलं इथेच अडतात.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर आपल्या घरांत जे बोललं गेलं, जे सोसलं गेलं, ते मला ठाऊक आहे. माझ्या आजोबांच्या पिढीने आंदोलनं केली. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल तुमचं मत काहीही असो, ते सोडायला मी सांगत नाही. पण मत बाळगणं वेगळं आणि शेजारच्या माणसाची भाषा न वाचता येणं वेगळं. कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही, अशी आपल्यातली कितीतरी मुलं आहेत. नुसती बोलता येणारी कन्नड बाजारात चालते. व्यवसायात वाचता यावी लागते.

लिपीला घाबरू नका. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे: क ख ग घ, च छ ज झ. आपला ळ तिथेही आहे. नवं लक्षात ठेवायचं ते एवढंच की 'ए' आणि 'ओ' यांचे र्‍हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत आणि त्यांनी शब्दाचा अर्थ बदलतो. पहिले पंधरा दिवस अक्षरं गिरवा. पुढचे पंधरा दिवस बसस्थानकावर जा आणि बसच्या पाट्या वाचा. गावांची नावं आपल्याला पाठच असतात, त्यामुळे अक्षराची ओळख पटकन पटते. पाटीवर इंग्रजी अक्षरं असतील तर ती हाताने झाकून आधी कन्नड वाचायची, हा नियम.

दुसऱ्या महिन्यात घरातले कागद काढा. विजेचं बिल, रेशन कार्ड, शेताचा उतारा. एकेक ओळ लावून वाचा. माझ्या वडिलांच्या नावाचा उतारा मी पहिल्यांदा स्वतः वाचला तेव्हा त्यातल्या एका भाऊबंदाचं नाव चुकीचं लागलं होतं, आणि ते इतकी वर्षं घरात कुणाला कळलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यापासून कन्नड दैनिकातली एक छोटी बातमी रोज मराठीत उतरवा. पन्नास-साठ शब्दांची, त्याहून मोठी नको. तीन महिन्यांनी पहिल्या आठवड्याची पानं उघडून बघा.

इथे एक मोठा खड्डा आहे. दोन्ही भाषांत संस्कृतातून आलेले शब्द सारखे दिसतात आणि अर्थ वेगळा असतो. मी या खड्ड्यात पडलेली आहे. कामाच्या दुसऱ्या वर्षी एका संस्थेचं कन्नड पत्रक मराठीत करायचं होतं. त्यात 'उद्योग मेळ' असं होतं. मी घाईत 'उद्योग मेळावा' लिहिलं आणि पत्रकं वाटली गेली. कन्नडमध्ये 'उद्योग' म्हणजे नोकरी, रोजगार. त्या दिवशी मराठी गावांतून नोकरी शोधणारी मुलं फार थोडी आली. आले ते पिठाची गिरणी टाकायला कर्ज मिळेल का, असं विचारणारे लोक. एक बाई शेवयांच्या यंत्राचं छापील दरपत्रक घेऊन आल्या होत्या. दुपारपर्यंत थांबल्या आणि काही न बोलता परत गेल्या. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्या संध्याकाळी मी वही केली. तिच्यातले थोडे शब्द इथे देते.

कन्नडमधला 'अनुमान' म्हणजे संशय. पोलिसांच्या पत्रकात 'अनुमानास्पद' आलं तर मराठीत 'संशयास्पद' लिहायचं. 'आग्रह' हा कन्नड मथळ्यांत मागणी या अर्थाने येतो. रस्तादुरुस्तीचा आग्रह म्हणजे रस्तादुरुस्तीची मागणी. 'खाली' म्हणजे रिकामं, म्हणून जागा 'खाली' असेल तर पद रिक्त आहे. 'अभ्यास' म्हणजे सवय, सराव. 'उपन्यास' कन्नडमध्ये व्याख्यान आणि हिंदीत कादंबरी, म्हणजे हिंदी शिकलेला माणूस तिथे हमखास फसतो.

शब्दांच्या पलीकडेही बघावं लागतं. मराठीतला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. कन्नडमध्ये मागच्याला 'मोन्ने' आणि पुढच्याला 'नाडिद्दु' असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे मराठीतून कन्नडमध्ये जाताना कुठला परवा ते नक्की करावं लागतं. उलट कन्नडमधल्या 'नावु'चं मराठीत 'आम्ही' होतं किंवा 'आपण'. दवाखान्याच्या सूचनेत 'आम्ही स्वच्छता पाळू' लिहिलं तर ते कर्मचाऱ्यांचं वचन होतं आणि 'आपण स्वच्छता पाळू' लिहिलं तर त्यात रुग्णाचे नातेवाईकही येतात. हे ठरवायला यंत्र कामाचं नाही, मूळ लिहिणाऱ्याला फोन करावा लागतो.

यंत्राचा विषय निघालाच आहे तर सांगते: यंत्राने केलेलं भाषांतर कच्चा मजकूर म्हणून जरूर वापरा. मीही वापरते. पण कन्नडमधून मराठीत येताना यंत्र नेमकं या सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर अडखळू शकतं, आणि वाक्य इतकं गुळगुळीत देतं की चूक डोळ्याला टोचत नाही. म्हणून यंत्राचा मजकूर मूळ कागदाशी ओळीनिशी ताडून बघायचा, नुसता वाचून बरा वाटतो म्हणून सोडायचा नाही.

मराठी: घरातली आणि कागदावरची

आपण घरात "कुठं जालालास?" म्हणतो, "काय करलालीस?" म्हणतो. पुण्यात पहिल्यांदा गेल्यावर याला लोक हसतात आणि आपली मुलं गप्प बसायला लागतात. गप्प बसू नका. ही बोली तुमच्या कामाची आहे. खानापूरच्या शेतकऱ्याची मुलाखत घेताना तुम्ही "इकडं बसा की" म्हणालात तर तो मोकळा बोलतो. पण कागदावर उतरवताना प्रमाण मराठी लागते, आणि तिच्यात कच्चं राहिलेलं चालत नाही. दोन्ही यायला हव्यात, आणि कुठली कुठे वापरायची हेही कळायला हवं.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम मिळवा. ते थोडेच आहेत, पण उदाहरणांसकट पाठ हवेत. सगळ्यात जास्त चुका एका ठिकाणी होतात: मूल, फूल, वीट यांत पहिलं अक्षर दीर्घ, पण प्रत्यय लागला की मुलाला, फुलाला, विटेला असं र्‍हस्व. गुण, विष हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र र्‍हस्वच राहतात. एवढं पक्कं केलं तरी तुमचा कागद दहा कागदांत वेगळा दिसेल.

वाचनाची सोय आपल्याकडे चांगली आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय जुनं आणि भरलेलं आहे. तिथे बसून रोज दोन दैनिकं शेजारी-शेजारी ठेवा आणि एकच बातमी दोघांनी कशी दिली आहे ते बघा. पहिल्या वाक्यात कुणी काय घेतलं, काय सोडलं. अर्धा तास पुरे.

बोटांचं शिक्षण

टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक शिका. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय लागली असेल तर महिनाभर हात अडखळतील, पण याचा आपल्याला दुप्पट फायदा आहे. इन्स्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांसाठी एकच आहे. देवनागरीत ज्या कळीवर 'क' आहे, त्याच कळीवर कन्नडचा 'क' आहे. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मराठीचा हात बसला की भाषा बदलायची कळ दाबून तुम्ही कन्नडही लिहू लागता. मजकूर नेहमी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर सारखाच वाचता येणाऱ्या पद्धतीत ठेवा. छापखान्याला जुन्या फाँटमध्ये हवा असेल तर तिथे बदलून घेता येतो, पण जुन्या फाँटमधलं काम तुमच्याकडेच साठलं तर पाच वर्षांनी ते उघडणारही नाही.

प्रसिद्धिपत्रक: इथून सुरुवात करा

गावातल्या वाचनालयाला, महिला मंडळाला, तालमीला, गणेशोत्सव मंडळाला पत्रक लिहून देणारा माणूस नेहमी हवा असतो. तिथे जा आणि वर्षभर ते काम मागून घ्या. आता आपल्याकडची पत्रकं कशी असतात ते बघू.

"येथील वाचनालयाच्या वतीने आयोजित मोफत नेत्रतपासणी शिबिर मोठ्या उत्साहात संपन्न झाले. प्रारंभी मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्यात आले. अध्यक्षांनी प्रास्ताविक केले. प्रमुख पाहुण्यांनी समयोचित मार्गदर्शन केले. शिबिराचा अनेकांनी लाभ घेतला. शेवटी सचिवांनी आभार मानले."

यातून वाचणाऱ्याला काय कळलं? दिवा लावला आणि आभार मानले. ज्याच्या आईला डोळ्यांनी दिसत नाही, त्याच्या हाताला काही लागलं नाही. समजा शिबिरात १३६ जण तपासले आणि २१ जणांना मोतीबिंदू निघाला. मग पत्रक असं सुरू व्हायला हवं:

"गावातील वाचनालयाच्या शिबिरात रविवारी १३६ जणांचे डोळे तपासण्यात आले. त्यांपैकी २१ जणांना मोतीबिंदू असल्याचे आढळले असून त्यांच्यावर येत्या गुरुवारपासून मोफत शस्त्रक्रिया होणार आहेत. शिबिराला येऊ न शकलेल्यांना शनिवारपर्यंत संध्याकाळी पाच ते सात या वेळेत वाचनालयात नाव नोंदवता येईल."

हे लिहायला आकडा लागतो, आणि आकडा मिळवायला शिबिर संपेपर्यंत थांबून नोंदवही बघावी लागते. सकाळी उद्घाटनाचा फोटो काढून घरी गेलेला माणूस वरचंच पत्रक लिहिणार. मधे आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: २१ पैकी बायका किती? आपल्या खेड्यांत बायका डोळ्यांचं दुखणं अंगावर काढतात. आकडा मिळाला तर दुसरा परिच्छेद त्याचाच.

नावांचं काय करायचं? ज्यांनी शिबिर भरवलं त्यांना आपलं नाव छापून यावंसं वाटतं आणि ते रास्त आहे. त्यांनी त्यासाठी रविवार घालवला आहे. नावं तिसऱ्या परिच्छेदात एकत्र, पूर्ण आणि बिनचूक द्या. बेळगाव तालुक्यात एका गावात वीस पाटील सापडतील, त्यामुळे वडिलांच्या नावाशिवाय नाव लिहू नका. इंग्रजीत लिहिलेल्या नावावरून मराठी नाव कधीच ठरवू नका. 'कदम' की 'कडम', हे त्या माणसालाच विचारायचं.

पत्रक त्याच दिवशी पाचच्या आत दैनिकाकडे पोचवा. मजकूर अक्षरांत पाठवा, कागदाचा फोटो काढून नव्हे. फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं, आणि शेवटी तुमचा फोन नंबर, जो रात्री नऊपर्यंत उचलला जाईल. पाठवल्यावर एकदाच फोन करा. पाच वेळा करणाऱ्याचा नंबर तिथे लक्षात राहतो आणि पुढच्या वेळी कुणी उचलत नाही.

तेच पत्रक कन्नड दैनिकांना देताना शब्दाला शब्द ठेवू नका. तिथला वाचक दुसऱ्या गावचा आहे. त्याला तुमच्या गावच्या वाचनालयाशी देणंघेणं नाही, पण मोफत शस्त्रक्रिया कुठे होते हे हवं आहे. पहिलं वाक्य त्याच्यासाठी नव्याने लिहा.

तोंडाने करायचं काम

सूत्रसंचालन शिकायला आपल्या भागासारखी जागा नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी, सांबरा, इतक्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. गावकरी वर्गणी काढून भरवतात, ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कलश घेऊन चालतात. तिथे स्वयंसेवक म्हणून नाव द्या. पहिल्या वर्षी खुर्च्या लावा, दुसऱ्या वर्षी एका सत्राचं निवेदन मागा. निवेदन लिहून काढा, मोबाइलवर बोलून ऐका आणि मिनिटाला किती शब्द जातात ते मोजा. बहुतेक नवखे घाईने वेगात बोलतात.

दुभाष्याचं काम याहून अवघड, आणि ते माझ्या मनाच्या जास्त जवळ आहे. आजी म्हणते, "अंगात कणकण हाय, तोंडाला चव नाही, जीव घाबरा होतोय." दुभाष्या डॉक्टरांना सांगतो, "ताप आहे आणि भीती वाटते." संपलं. कणकण म्हणजे ताप असेलच असं नाही, आणि जीव घाबरा होणं म्हणजे भीती नव्हे. कदाचित छातीत धडधडत असेल, कदाचित दम लागत असेल. इथे दुभाष्याने थांबून आजीलाच विचारायचं, "आजी, नेमकं कुठं काय होतंय?" आणि तिने हात कुठे ठेवला तेही डॉक्टरांना सांगायचं.

माझे नियम असे. माणूस जसा बोलतो तसंच बोला: "मला दुखतंय" म्हणाली तर "तिला दुखतंय" असं न म्हणता "मला दुखतंय" असंच पुढे द्या. आपलं त्यात घालू नका आणि लांबलंय म्हणून कापू नका. गोळ्या किती, कधी, जेवणाआधी की नंतर, हे कागदावर लिहूनच सांगा. नातेवाईक मधे बोलायला लागले तर त्यांचं बोलणं वेगळं सांगा, पेशंटच्या तोंडी घालू नका. आणि जे ऐकलं ते घरी नेऊ नका. गाव लहान असतं.

खात्री करणं आणि कायदा

सीमाभागात एक वाक्य वेडंवाकडं लिहिलं तर त्याचे परिणाम रस्त्यावर दिसतात. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्हीकडच्या वाहनांवर दगडफेक झाली, बसना काळं फासलं गेलं, एसटीच्या फेऱ्या थांबल्या. अशा दिवसांत जुने व्हिडिओ नव्या तारखेने फिरायला लागतात. बसचा व्हिडिओ आला तर आगाराला फोन करा, पाटीवरचं गाव आणि दुकानांची नावं बघा, झाडांवरून ऋतू बघा. पाठवणाऱ्याला विचारा, "तू स्वतः तिथं होतास काय?" 'मित्राने पाठवला' असं उत्तर आलं तर तो व्हिडिओ तुमच्याकडेच थांबू द्या. १ नोव्हेंबरच्या आसपास तर ही सवय अंगात भिनलेली हवी. त्या दिवशी कर्नाटकाचा राज्योत्सवही असतो आणि सीमाभागातल्या मराठी माणसांकडून निषेधाचा काळा दिनही पाळला जातो, आणि दोन्ही ठिकाणी काय घडलं ते तुम्हाला सारख्याच स्वच्छ शब्दांत लिहिता यायला हवं.

शहराचं नाव हाही त्यातलाच प्रश्न. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे. कर्नाटक सरकारच्या कागदाचं भाषांतर करताना मी मूळ कागदात आहे तसं 'बेळगावी' ठेवते, मराठी दैनिकासाठी लिहिताना 'बेळगाव' लिहिते. ज्याचं काम आहे त्याची पद्धत विचारून घ्या आणि एका मजकुरात दोन नावं येऊ देऊ नका.

कायद्यातलं किमान एवढं पाठ हवं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३५६ मध्ये बदनामी येते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. मूल असेल तर पोक्सो कायद्याचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागतं. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. गावाचं नाव, शाळेचा गणवेश, घराचा फोटो, वडिलांचा धंदा, यातलं काहीही छापलं की छोट्या गावात पोर कोण ते कळतं.

पदवी घ्यावी का

घेता आली तर घ्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात पत्रकारितेचे विभाग आहेत. कोल्हापूरला मराठीचं वातावरण मिळेल, धारवाडला कन्नडचं. माझी जी मैत्रीण मराठी शाळेतून निघून धारवाडला गेली, तिला पहिलं वर्ष जड गेलं आणि आज आमच्या सगळ्यांत तिला जास्त काम आहे. कर्नाटक सरकारच्या वार्ता आणि सार्वजनिक संपर्क खात्यात जायचं असेल तर कन्नडशिवाय दार उघडत नाही. पैशांची अडचण असेल तर कुठलीही पदवी करता करता वर सांगितलेलं वर्षभराचं काम करा. मजकूर दाखवता आला तर कागदाबद्दल फार कुणी विचारत नाही, असा माझा अनुभव आहे.

फाईल आणि दर

वर्ष संपताना तुमच्याकडे आठ-दहा मजकुरांची फाईल हवी: तीन प्रसिद्धिपत्रकं छापून आलेल्या कात्रणांसकट, दोन कन्नड-मराठी भाषांतरं मूळ कागद शेजारी लावून, एक मुलाखत, एक सूचनाफलक, एक निवेदनाचं ध्वनिमुद्रण. संस्थेचा खासगी कागद असेल तर परवानगी घ्या आणि नावं झाका.

दर सांगताना आपली मुलं लाजतात. "द्या की काय द्यायचं ते" म्हणतात आणि मग वर्षभर कुढतात. हिशोब मांडा. समजा तुम्ही तासाला २५० शब्द नीट तपासून भाषांतरित करता. दिवसाला पाच तास, महिन्याला २२ दिवस धरले तर २७,५०० शब्द झाले. महिन्याला २५,००० रुपये हवे असतील तर शब्दाला साधारण ९० पैसे पडतात. पण महिन्यातले सगळे दिवस काम मिळत नाही. निम्मेच दिवस मिळेल असं धरा, म्हणजे १ रुपया ८० पैसे. हा तुमचा आकडा. त्यात तुमचा वेग आणि तुमची गरज घाला आणि समोरच्याला शांतपणे सांगा. किती शब्द, किती दिवसांत, किती वेळा बदल करून देणार आणि पैसे कधी, हे चार मुद्दे मेसेजवर का होईना, लिहून घ्या. ओळखीच्या काकांकडूनही घ्या. काकांना राग येत नाही, उलट त्यांनाही सोपं जातं.

नोकरीसाठी गेलात तर बहुतेक ठिकाणी लेखी चाचणी होते. कन्नड किंवा इंग्रजी सूचना देतात, अर्धा तास देतात आणि मराठी मजकूर मागतात. पेन लगेच चालवू नका. दोनदा वाचा. तारखा, आकडे, नावं यांना गोल करा. हे कोण वाचणार आहे आणि वाचून त्याने काय करायचं आहे, हे समोर बसलेल्याला विचारा. विचारायला बंदी नसते. वीस मिनिटांत लिहून काढा. उरलेल्या वेळात गोल केलेला प्रत्येक आकडा शेवटून सुरुवातीकडे ताडत या. एखाद्या शब्दाची खात्री नसेल तर अंदाजाने गाडी पुढे रेटू नका. त्याखाली रेघ मारा आणि समासात लिहा: 'मूळ लेखकाला विचारून पक्कं करावं लागेल.' आता मी स्वतः असे कागद तपासते, आणि समासात अशी ओळ असलेला कागद मी सगळ्यात आधी वेगळा काढून ठेवते.